इंजिन चालू आहे तोवर

पोलादपूर, जि. कुलाबा
ता. १२ नोव्हेंबर १९६४

माझ्या एकुलत्या एका आणि म्हणूनच अतिशहाण्या मेहुण्यास, पिठाने पांढऱ्या झालेल्या दाजीचे आशीर्वाद.

मुरारी, तुझं पत्र पोचलं. आपल्या गिरणीसाठी मुंबईत तुला विजेची मोटार मिळते आहे, मोटार चांगली आहे, आणि मी ‘हो’ म्हणायला उशीर लावतो म्हणून तू तिकडे हातपाय आपटतो आहेस, हे सगळं समजलं.

खांब आले आहेत हे खरं. महाडपासून रस्त्याच्या कडेने एकेक उभा राहत परवा आपल्या गावाच्या तोंडाशी पोचले. मार्चपर्यंत तारा ओढतील म्हणतात. महिपतने एसटीच्या थांब्याजवळ गाळासुद्धा घेतला. महाडच्या पेठेत भाताचा व्यापार करतो तोच हा महिपत. वीज आली की तो तिथे मोटारीची गिरणी टाकणार. पाटी आत्ताच रंगवून लावली आहे: ‘स्वच्छ, झटपट, आवाज नाही.’ तारांचा पत्ता नाही आणि पाटी तयार!

आता आवाज नाही हा गुण कधीपासून झाला, ते मला सांग. बारा वर्षांपूर्वी मी हे इंजिन आणलं, तेव्हा घाटाच्या उतारावरच्या वाड्यांतल्या बाया पहाटे उठून जात्यावर हात मोडून घ्यायच्या. आज त्या अंगणात उभ्या राहून कान देतात. पुकपुक ऐकू आली की डोक्यावर दळण घेऊन निघतात, नाही आली तर शेताला जातात. दोन तासांची चढउतार आहे रे ती. महिपतची मोटार मुकी. ती चालू आहे की बंद हे वरच्या वाडीला कळणार कसं? बाईने दळण घेऊन खाली यायचं आणि कुलूप बघून परत चढायचं का? लांबून आलेल्या बाईचं दळण आधी, पेठेतल्याचं मागून, हा माझा नियम आहे. धंदा म्हणजे नुसतं यंत्र नव्हे.

आणि आमच्या गिरणीची बोली तुला ठाऊकच आहे. मूठ वळली की भात भरडायचं, चिमूट चोळली की नाचणी बारीक दळायची, तळहात उपडा केला की जाडसर. बारा वर्षांत गिरणीत कुणाचं भांडण झालं नाही, कारण कुणाला कुणाचं ऐकूच येत नाही. हे सुख तुझ्या मोटारीत आहे का?

राही बरी आहे. ती मुंबईला का येत नाही, असं तू विचारलंस. बायकांच्या मनातलं मी काय सांगणार? शेत आहे, गुरं आहेत. येईल कधीतरी.

तुझा दाजी,
दत्ताराम

*

मुंबई, लोअर परळ
ता. ६ डिसेंबर १९६४

पोलादपूरच्या इंजिनमालकांस, मोटारवाल्या मेहुण्याचा पाया पडून नमस्कार.

दाजी, तुमचं पत्र वाचून मी हसलो आणि मग रागावलो. पुकपुक तुम्हाला आवडते म्हणून महिपत थांबणार नाही. लोक आता कोर्टाच्या नाहीतर बाजाराच्या कामाला एसटीने महाडला जातात, ते दळण बरोबर घेऊन जायला लागलेत, असं इथे गावाकडून येणारी माणसं सांगतात. थांब्याजवळ गिरणी झाली की तुमच्या पायऱ्या कोण चढणार? वरच्या वाडीच्या चार म्हाताऱ्या. मोटारीला हँडल मारायला नको, तेल नको, धूर नको. बटण दाबलं की झालं. तुम्ही पन्नाशीला आलात, हँडल मारताना एक दिवस मनगट जाईल.

खरं सांगायचं तर मलाही मुंबईचा कंटाळा आला आहे. मिलच्या कापड विणायच्या साचेखात्यात अठरा वर्षं झाली. मोटार बसवायला मी स्वतः येतो आणि राहतोच. आपण दोघं मिळून चालवू. दोन वर्षांपूर्वी शिमग्याला आलो होतो, तेव्हा दिवसभर तुमच्या गिरणीत पोत्यावर बसून होतो. आपण एक शब्द बोललो नाही, पण इतकं बरं मला मुंबईत कधी वाटलं नाही.

राहीबायचा मात्र मला राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही. माझी लेक बया मे महिन्यात लग्न होऊन गेली. सख्खी आत्या असून आत्याच्या हातची हळद तिला लागली नाही. आता बयेला दिवस गेलेत. एप्रिलमध्ये बाळंतपणाला माझ्याकडेच येणार आहे. तेव्हा तरी बायला पाठवा. शेताची आणि गुरांची सबब पुन्हा सांगू नका.

मोटारवाला दुसरं गिऱ्हाईक बघायच्या आत उत्तर पाठवा.

तुमचा,
मुरारी

*

पोलादपूर
ता. २० जानेवारी १९६५

घाईच्या गाडीत बसलेल्या मुरारीस, बैलगाडीतून जाणाऱ्या दाजीचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. भाताचा हंगाम आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही. तू म्हणतोस पायऱ्या कोण चढणार, म्हणून तुला परवाची गोष्ट सांगतो.

वरच्या वाडीची चंद्रभागा तुला आठवत असेल. तिच्या लेकीच्या सासरची माणसं घरी आली होती, त्यांच्यासाठी तिने माझ्याकडून नाचणी दळून नेली. परवा दुपारी पाणी बदलायला इंजिन बंद केलं होतं. पाच-सात माणसं बसली होती. तेवढ्यात चंद्रभागा आली आणि फडक्यात बांधून आणलेली भाकरी माझ्या हातावर ठेवली. तू दळलंस म्हणून तुला पहिला घास, असा तिचा भाव. डोळ्यांत पाणी होतं बिचारीच्या. मी तिथेच, सगळ्यांदेखत भाकरी खाल्ली. ‘गोड हाय गो, अजून आण!’ म्हणालो. लोकसुद्धा हसले, खूश झाले. भाकरी दाताखाली जरा कचकचली, ते खरं. दगडांना छिन्नीने टाकी लावायला झाली आहे, या अमावास्येला लावून टाकतो. पण मुरारी, दोन तासांची चढउतार करून भाकरी आणून देणारं गिऱ्हाईक महिपतला त्याची मोटार मिळवून देईल का?

तेव्हापासून चंद्रभागा आली नाही. आजारी असेल.

मोटारीचं नंतर बघू. राहीचंही नंतर बघू.

दत्ताराम

*

पोलादपूर
ता. ९ फेब्रुवारी १९६५

मुरारी, तुझ्या बायचा आशीर्वाद. पत्र शाळेतल्या मास्तरांच्या बायको येसूबाई लिहून देतात. मी बोलते तसंच लिवा असं त्यांना सांगितलंय. उत्तर त्यांच्याच नावावर पाठव. घरच्या पत्त्यावर नको.

तू माझ्यावर रागावलायस, हे मला ठाव हाय. बयेच्या लग्नाला आली नाय म्हणून मी पण घरात बसून रडलेय. आता खरं काय ते ऐक.

यांना ऐकू येत नाय. तीन वरसं झाली. आधी थोडं थोडं येत नव्हतं, आता काहीच येत नाय. गावात कुणाला ठाव नाय. दिवसभर गिरणीत असतात. तिथं इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नाय, म्हणून यांचं झाकून जातं. पण इंजिन बंद झालं की मी लागते. सांजेला कुणी दारात आलं, वाटेत कुणी गाठलं, कुणाच्या लग्नाला गेलो, तर मी यांच्या बाजूला उभी राहते. समोरचा बोलला की मीच मोठ्यानं बोलते, ‘अगोबाई, तुमच्या बैलाचा पाय मोडला व्हय!’ मग यांना माझ्या तोंडाकडं बघून कळतं. लोक बोलतात, राहीबाईची जीभ लय चुरूचुरू चालते, नवऱ्याला बोलू देत नाय. बोलू दे. पण यांना सोडून मुंबईला कशी येऊ? आठ दिवसांत सगळं उघडं पडंल.

चंद्रभागेची भाकर यांनी तुला लिवली असंल. तिनं काय भाव म्हणून आणली नव्हती रे. ती भांडायला आली होती. पिठात दगडाची खर होती. पाव्हण्यांच्या दातात कचकच झाली, लेकीच्या सासूनं ताट सारलं. चंद्रभागा रडत बोलत होती, ‘खाऊन बघा तुमी, काय दळून दिलंत मला!’ आणि हे हसत खात होते, अजून आण बोलत होते. मी पाण्याची घागर घेऊन तेवढ्यात पोचले, पण उशीर झाला. तिला वाटलं, हे तिची थट्टा करतात. ती आता दळण घेऊन एसटीनं महाडला जाते. वाडीत सगळीकडं सांगते, दत्तारामाला माज आलाय.

मुरारी, तू ये. मोटार घेऊन ये. तू दारात बस, तू बोल लोकांशी. यांचं कुणाला कळणार नाय. तू आलास की मी बयेकडं येईन. फक्त आठ दिवस. बाळाला न्हाऊ घालीन आणि परत येईन. तीन वरसांत मी काही मागितलं नाय, एवढंच मागते.

राही

*

मुंबई
ता. १७ फेब्रुवारी १९६५

दाजी, नमस्कार.

आज गमतीजमती नाहीत. मला कळलं आहे. कुणाकडून, ते विचारू नका, आणि बायवर तर मुळीच चिडू नका.

इतकी वर्षं तुम्ही मला पुकपुकीवर व्याख्यानं देत आलात! मी ती चाळीत मोठ्याने वाचून दाखवत होतो, आमचे दाजी बघा कसे विचाराचे आहेत म्हणून. ऐकू येत नाही हे मला लिहायला काय झालं होतं? पत्राला कान लागतात का?

मला तुमचा राग आला आहे, आणि तुमच्यासाठी पोटात तुटतंही आहे. आता मी सांगतो ते करा. माणूस बोलताना त्याच्या डोळ्यांत बघू नका, ओठांवर बघा. उजेड त्याच्या तोंडावर पडेल असे बसा. मिशाळ माणसाला पान खायला द्या आणि त्याच्या हनुवटीकडे लक्ष ठेवा. कळलं नाही तर हसू नका. हसण्यानेच घात होतो. ‘बरोबर आहे, विचार करून सांगतो,’ एवढं म्हणा.

आणि आता खरं लिहा. सगळं.

मुरारी

*

पोलादपूर
ता. १४ मार्च १९६५

प्रिय मुरारी,

तुझं पत्र तीन आठवडे बंडीच्या खिशात घेऊन फिरलो. राहीला काही बोललो नाही. तिने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

खरं लिहायचं तर आधी पाखरं गेली. मग भांड्यांचे आवाज गेले. मग एके दिवशी राही दारात उभी राहून नुसतं तोंड हलवते आहे असं दिसलं आणि मला इतकी भीती वाटली की मी तिच्यावरच खेकसलो. महाडच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: इंजिनाच्या आवाजाने कान गेले, आता येणार नाहीत, निदान इंजिनापासून दूर राहा. त्यांना काय ठाऊक, की इंजिनाजवळच फक्त मी धड माणूस आहे! तिथे मी मूठ बघतो, चिमूट बघतो, आणि समोरच्याइतकाच मीही बहिरा असतो. गावातल्या कुशाबाकाकांचं काय झालं ते तू पाहिलंस. कान गेल्यावर लोक त्यांच्यासमोरच त्यांची थट्टा करायचे, ते खांब असल्यासारखे. आंधळ्याची लोकांना दया येते, बहिऱ्याचं हसू येतं. मला ते हसू नको होतं.

इंजिन बंद झालं की मी उघडा पडतो. म्हणून दळण नसलं तरी मी ते चालूच ठेवतो. लोकांना वाटतं, दत्तारामशेठ किती तत्पर, गिरणी कधी थांबत नाही. पण रिकामे दगड एकमेकांना खातात. त्यांचा आवाज बदलतो, चांगल्या गिरणीवाल्याला तो झोपेतही कळतो. मला कळत नाही. चंद्रभागेच्या पिठात गेली ती माझ्या लबाडीची खर. राहीने मला ते भिंतीवर बोटाने पिठात लिहून सांगितलं, येसूबाईंकडून चार अक्षरं शिकून. तिने लिहिलं ‘ती रडत होती’. मी चंद्रभागेच्या घरी जाऊन पाया पडणार होतो. पण ती काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही, म्हणून गेलो नाही.

परवा तारांत वीज आली. महिपतची गिरणी सुरू झाली. मी बघायला गेलो. बायका दळणाच्या रांगेत उभ्या राहून एकमेकींशी बोलत होत्या, हसत होत्या. तू सांगितल्याप्रमाणे ओठांवर बघितलं, तर महिपत सगळ्यांना नावाने हाका मारून विचारत होता, काय गो, पोरगा आला का मुंबईहून? मी ओळखलं, मी संपलो. पुढे माणसं तिथेच जाणार. यंत्रामुळे नव्हे, तिथे बोलता येतं म्हणून.

मोटार पाठव. पण तू ये. दारात तू बस. गिऱ्हाइकाशी तू बोल, दगडांचा आवाज तू ऐक. मी मागे बसून टाकी लावीन, पट्टा बघीन, पोती उचलीन. ही गिरणी आता तुझ्या कानांवर चालेल. तू येशील या भरवशावर काल रात्रभर मी सलग झोपलो. असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

बयेच्या बाळंतपणाला राहीला नक्की पाठवतो.

दत्ताराम

*

मुंबई
ता. २ एप्रिल १९६५

बाय, तुझ्या धाकट्याचा नमस्कार. येसूबाई, हे पत्र फक्त माझ्या बहिणीला वाचून दाखवा आणि लगेच चुलीत घाला.

बाय, दाजींचं पत्र आलं. ते वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. कसं लिहू ते समजत नाही, म्हणून सरळच लिहितो. मलाही ऐकू येत नाही.

साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी धडधडतात. तिथे पाच वर्षांत कान जड होतात, दहा वर्षांत जातात. आम्ही सगळे तिथे ओठ वाचूनच बोलतो. दाजींना मी ओठांचं, मिशीचं, हसू नका हे सगळं लिहिलं, ते काही पुस्तकातलं नव्हतं. दिवाळीच्या आधी कापडाच्या ताग्यांची हातगाडी मागून येत होती. ओरडले सगळे. मला ऐकू आलं नाही. पायावरून गेली. पाय बरा झाला, पण मला कामावरून कमी केलं. पुन्हा घेणार नाहीत. तेव्हापासून घरी बसून आहे. बयेच्या सासरी अजून सांगितलेलं नाही.

मी मोटारीच्या मागे का लागलो ते आता कळलं असेल. मला वाटलं होतं, दाजी बोलके. ते दारात बसून गिऱ्हाइकांशी बोलतील आणि मी आत मोटार सांभाळीन. त्यांच्या कानांवर माझं निभेल. आणि ते तिकडे माझ्या कानांची वाट बघत बसले होते. त्या शिमग्याला आम्ही दोघं दिवसभर पोत्यावर बसलो होतो, आणि मला वाटत होतं की दाजी किती समजूतदार, उगाच बोलायला लावत नाहीत.

मोटार परवाच लॉरीत चढवली. महाडच्या वायरमनला बसवायला सांगितलं आहे. ती आता परत येत नाही. मी येऊ की नको, ते तू सांग. इथे तरी माझं काय आहे?

तुझा मुरारी

*

पोलादपूर
ता. २३ एप्रिल १९६५

मुरारी, बायचा आशीर्वाद. येसूबाईंनी तुझं पत्र वाचलं. मग त्यांनी ते चुलीत घातलं.

मोटार आली, बसवली. तिचा आवाज माशीएवढा. इंजिन मागच्या पडवीत लोटलंय. पहिल्या दिवशी दहा-बारा गिऱ्हाइकं आली, बघायला. सगळी बोलत होती. हे दगडाशी वाकून, टाकी बघायचं निमित्त करून उभे होते, मान वर करत नव्हते. कुणीतरी दोनदा हाक मारली. मी दारातून आत गेले आणि ओ दिली. तवापासून मी बाहेर आलेय कुठं?

तू ये. इथं घर हाय, भात हाय, दोन हात हायत तुला. पण तुझ्या कानांचं यांना सांगू नको. गळ्याची शपथ हाय. हे दोन घास समाधानानं जेवतात ते तू येणार म्हणून. रोज गिरणीची पाटी पुसून ठेवतात, ‘मुरारी आला की नवीन नाव टाकू’ बोलतात. त्यांना आता ऐकवलं तर ते उठणार नायत, मला ठाव हाय. तू नुसता दारात बस. कुणी बोललं की मी मधी पडून मोठ्यानं बोलीन, तुला पण कळंल आणि यांना पण कळंल. यांना वाटंल तू ऐकलंस. दगडाचा आवाज मी शिकते. रिकामा फिरायला लागला की कसा किरकिरतो ते मला कळायला लागलंय.

एक गोष्ट कुणाला बोलले नाय, तुला बोलते. इंजिन चालू असायचं तेवढा वेळ माझा असायचा. पुकपुक सुरू झाली की मी मोकळी. शेतात जायची, नदीवर जायची, बायांशी बोलत बसायची. कान ठेवून असायची, बंद झालं की धावायची. पण तोवर मोकळी. आता बंद पडायला काही राहिलंच नाय. शेत शेजारच्या चांगूला अर्धेलीनं लावून दिलं. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे होते, ते पण त्यानंच भाजले. धूर मी गिरणीच्या दारातून बघितला.

बयेला मुलगा झाला, हे तुझ्या कार्डावरून कळलं. येसूबाईंनी वाचून दाखवलं तवा मी दळणात हात घालून होते. बाळाच्या अंगाला माझ्याकडचं खोबऱ्याचं तेल लावायला सांग, बाटली एसटीच्या कंडक्टरबरोबर देते. बारशाला आत्या का आली नाय असं बया विचारंल. तिला सांग, आत्याला शेताची कामं हायत.

शनिवारच्या गाडीनं ये. थांब्यावर कुणी न्यायला येणार नाय, आणि घरी पण जाऊ नको, घराला कुलूप असतं. सरळ गिरणीत ये. मी सकाळपासून दिवा लागंपर्यंत तिथंच असते.

राही